इंग्रजी वाक्यं जोडताना अडतं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमात शिकून वागळे इस्टेट, ऐरोली, महापे किंवा बेलापूरच्या ऑफिसांत काम करणाऱ्यांची छोटी इंग्रजी वाक्यं सहसा बरोबर असतात. दोन वाक्यं जोडून एक करायची वेळ आली की गाडी अडते. या चुका बहुतेक ठरलेल्या असतात, कारण त्यांचं मूळ मराठीच्या रचनेत आहे. म्हणूनच त्या नीट समजून घेतल्या तर लवकर सुटतात. इथली इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. ती मनात न वाचता मोठ्याने वाचा, म्हणजे शब्दांचा क्रम कानात बसेल.

गौण वाक्य ओळखायचं कसं?

शाळेत मराठी व्याकरणात संयुक्त वाक्य आणि मिश्र वाक्य शिकवतात. तोच फरक इंग्रजीत आहे. संयुक्त वाक्यात दोन्ही भाग बरोबरीचे असतात आणि ते अँड, बट, ऑर, सो, येट, नॉर, फॉर या सातांपैकी एखाद्या शब्दाने जोडले जातात. मिश्र वाक्यात एक प्रधान वाक्य असतं आणि दुसरं, म्हणजे गौण वाक्य, त्याच्यावर अवलंबून असतं. त्या दुसऱ्याच्या तोंडाशी बिकॉज, इफ, ऑलदो, व्हेन, अनटिल, दॅट, हू, व्हिच असा एखादा शब्द येतो.

कारण, वेळ किंवा अट सांगणाऱ्या गौण वाक्यासाठी एक सोपी चाचणी आहे. जोडशब्दासकट तो भाग उचला आणि वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. "आय टुक अ रिक्षा बिकॉज इट वॉज रेनिंग" याचं "बिकॉज इट वॉज रेनिंग, आय टुक अ रिक्षा" सहज होतं. आता "इट वॉज रेनिंग, बट आय वॉक्ड" घ्या. "बट आय वॉक्ड, इट वॉज रेनिंग" असं केलं की वाक्यच मोडतं. पहिलं मिश्र, दुसरं संयुक्त.

गौण वाक्यात कर्ता आणि क्रियापद दोन्ही असतात, तरी ते एकटं उभं राहत नाही. मेलमध्ये "बिकॉज द ट्रेन वॉज लेट." असं लिहून पूर्णविराम दिला तर वाचणारा पुढच्या भागाची वाट पाहतो. बोलताना प्रश्नाचं उत्तर म्हणून तेवढंच वाक्य चालतं. लिहिताना ते आधीच्या किंवा नंतरच्या वाक्याला जोडा.

"ऑलदो" नंतर "बट" का चालत नाही? मराठीत तर "जरी… तरी" दोन्ही लागतात.

बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. मराठी गौण वाक्य जोडीने बांधते: जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जोपर्यंत–तोपर्यंत, ज्याअर्थी–त्याअर्थी, जो–तो. एक शब्द गौण वाक्यात आणि त्याला उत्तर देणारा दुसरा प्रधान वाक्यात. इंग्रजी खूण एकाच बाजूला करते. गौण वाक्याला "ऑलदो" लागलं की संबंध पूर्ण झाला. दुसऱ्या बाजूला "बट" घातला तर दोन्ही भागांना जोडशब्द लागतो आणि प्रधान वाक्य उरतच नाही.

चूक: "ऑलदो इट वॉज संडे, बट द ऑफिस वॉज ओपन." बरोबर: "ऑलदो इट वॉज संडे, द ऑफिस वॉज ओपन." किंवा "इट वॉज संडे, बट द ऑफिस वॉज ओपन." दोन्हींपैकी कोणतंही एक घ्या. जोर द्यायचाच असेल तर दुसऱ्या भागात "स्टिल" चालतो: "ऑलदो इट वॉज संडे, द ऑफिस वॉज स्टिल ओपन." "स्टिल" हे क्रियाविशेषण आहे, ते वाक्यं जोडत नाही.

रजेच्या अर्जात सगळ्यांत जास्त दिसणारी चूक याच घरातली: "ॲज आय हॅव फीव्हर, सो आय कॅनॉट कम." इथे "ॲज" आणि "सो" दोघेही तेच काम करत आहेत. एक काढा. "बिकॉज… देअरफोर", "सिन्स… सो" यांचंही तसंच. "इफ… देन" मात्र बरोबर आहे, पण रोजच्या वाक्यात "देन" बहुधा गाळतात.

मग इंग्रजीत खऱ्या जोड्या नाहीतच का? आहेत, पण मोजक्या: बोथ–अँड, आयदर–ऑर, नायदर–नॉर, नॉट ओन्ली–बट ऑल्सो, व्हेदर–ऑर, नो सूनर–दॅन, हार्डली–व्हेन. या पाठच कराव्या लागतात. त्यातही "नो सूनर" ने वाक्य सुरू केलं की क्रम उलटतो: "नो सूनर डिड द ट्रेन स्टॉप दॅन एव्हरीवन रश्ड इन." परीक्षेसाठी ही रचना यायला हवी. ऑफिसात "ॲज सून ॲज" पुरतो आणि त्यात चुकायला जागा कमी.

"जोपर्यंत तो येत नाही" याचं "अनटिल ही डझन्ट कम" का होत नाही?

मराठीत "जोपर्यंत" बरोबर "नाही" येतो, कारण आपण न आलेल्या काळाचं वर्णन करतो: तो येत नाही, येत नाही, तोवर थांबा. इंग्रजीचं "अनटिल" त्या काळाच्या शेवटाकडे, म्हणजे येण्याच्या क्षणाकडे बोट दाखवतं. त्यामुळे तिथे नकार नसतो. "वेट अनटिल ही कम्स." "डोन्ट गेट डाउन अनटिल द ट्रेन स्टॉप्स." नकार द्यायचा तर तो प्रधान वाक्यात, "अनटिल" च्या नंतर कधीही नाही.

"अनलेस" मध्ये तर नकार आधीच भरलेला आहे. त्याचा अर्थच "इफ… नॉट". "अनलेस यू डोन्ट शो द पास" म्हणजे नकारावर नकार, अर्थ उलटा होतो. "दे वोन्ट लेट यू इन अनलेस यू शो द पास" हे बरोबर.

दोघांत निवड कशी करायची? अट असेल तर "अनलेस", वेळेची सीमा असेल तर "अनटिल". "अनलेस अँड अनटिल" अशी जोडगोळी आपल्याकडे पत्रांत फार दिसते. ती टाळा. एका वाक्यात दोन्ही अर्थ क्वचितच लागतात आणि जो खरा लागतो तो एकट्याने जास्त स्पष्ट होतो.

"शुक्रवारपर्यंत" म्हणजे "टिल फ्रायडे" की "बाय फ्रायडे"?

मराठीचं "पर्यंत" दोन कामं करतं. "मी शुक्रवारपर्यंत ऑफिसात आहे" यात क्रिया तोवर चालू राहते: "आय ॲम इन द ऑफिस टिल फ्रायडे." "शुक्रवारपर्यंत फाइल पाठवा" यात क्रिया एकदाच व्हायची आहे, शुक्रवार ही शेवटची मुदत: "सेंड द फाइल बाय फ्रायडे." इथे "टिल" वापरलात तर शुक्रवार येईपर्यंत फाइल पाठवतच राहा असा अर्थ निघतो. मुदतीच्या जागी पूर्ण वाक्य असेल तर "बाय द टाइम" वापरायचं: "बाय द टाइम वी रीच्ड ठाणे, द लास्ट बस हॅड लेफ्ट."

"व्हेन आय विल रीच" चुकीचं का? गोष्ट तर भविष्यातली आहे.

वेळ आणि अट सांगणाऱ्या गौण वाक्यात इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते. भविष्यकाळ प्रधान वाक्यात एकदाच सांगितला जातो. "व्हेन आय रीच घणसोली, आय विल कॉल यू." "इफ इट रेन्स, वी विल टेक द बस." व्हेन, आफ्टर, बिफोर, अनटिल, ॲज सून ॲज, इफ, अनलेस, बाय द टाइम या सगळ्यांना हाच नियम.

हे विचित्र वाटत असेल तर आपण मराठीत काय बोलतो ते ऐका. "घणसोलीला पोचलो की फोन करतो." "पाऊस आला तर बसने जाऊ." पोचणं आणि पाऊस येणं दोन्ही पुढच्या गोष्टी, पण क्रियापदं भूतकाळी रूपातली. म्हणजे अशा जागी भविष्यकाळ न वापरण्याची सवय आपल्याला आहेच. इंग्रजीत फक्त रूप वर्तमानाचं.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. "व्हेन" किंवा "इफ" ने सुरू होणारं वाक्य जेव्हा नामाचं काम करतं, म्हणजे काय माहीत नाही किंवा काय विचारलं ते सांगतं, तेव्हा "विल" येतो: "आय डोन्ट नो व्हेन ही विल कम." "आस्क हर इफ शी विल जॉइन अस." गौण वाक्य "केव्हा?" चं उत्तर देतंय की "काय?" चं, ते पाहा. "काय?" असेल तर "विल" चालेल.

"माहीत असतं तर आलो असतो" हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

"इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम." मराठीत दोन्हीकडे "असतं, असतो" येतं म्हणून हात दोन्हीकडे "वुड हॅव" लिहितो. "इफ" च्या बाजूला "हॅड", दुसऱ्या बाजूला "वुड हॅव" अशी विभागणी पक्की करा. आणखी एक उदाहरण: "इफ आय हॅड नोन अबाउट द मेगाब्लॉक, आय वुड हॅव टेकन द बस."

गोष्ट आत्ताची पण कल्पनेतली असेल तर एकेक पायरी खाली या: "इफ आय लिव्ह्ड इन नेरूळ, आय वुड वॉक टु वर्क." इथे "लिव्ह्ड" दिसायला भूतकाळ आहे, अर्थ मात्र "आत्ता राहत असतो तर" असा.

"आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह" यात काय बिघडलं?

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, म्हणून प्रश्नाचा क्रमही राहत नाही. आधी कर्ता, मग क्रियापद. डू, डझ, डिड गळतात. "आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज." मराठीत "तो कुठे राहतो?" आणि "तो कुठे राहतो ते मला माहीत नाही" यांत शब्दांचा क्रम बदलत नाही, त्यामुळे इंग्रजीतही प्रश्न जसाच्या तसा आत ढकलला जातो.

पायऱ्या अशा करा:

१. प्रश्न लिहा: "व्हेन विल द मीटिंग स्टार्ट?"
२. कर्ता शोधा: द मीटिंग.
३. कर्ता प्रश्नशब्दाला लागून आणा: "व्हेन द मीटिंग विल स्टार्ट".
४. पुढे प्रधान वाक्य जोडा: "प्लीज लेट मी नो व्हेन द मीटिंग विल स्टार्ट."

"हू" किंवा "व्हॉट" स्वतःच कर्ता असेल तर काही बदलत नाही: "आय नो हू कॉल्ड."

"की नाही" असा प्रश्न असेल तर "इफ" किंवा "व्हेदर" घ्या: "आस्क हिम व्हेदर द ऑफिस इज ओपन." "दॅट व्हेदर" असं कधीही लिहू नका. मराठी "की" साठी आलेला तो "दॅट" उपरा आहे. अबाउट, ऑन यांसारख्या शब्दांनंतर आणि "टु" च्या आधी फक्त "व्हेदर" चालतो: "वी टॉक्ड अबाउट व्हेदर टु शिफ्ट टु पनवेल." शंका असेल तिथे "व्हेदर" सुरक्षित.

प्रश्नचिन्हाचं काय? ते प्रधान वाक्य ठरवतं. "कुड यू टेल मी व्हेन इट ओपन्स?" याला प्रश्नचिन्ह. "आय वॉन्टेड टु आस्क व्हेन इट ओपन्स." याला पूर्णविराम.

"तो म्हणाला की मी येतो" याचं काय करायचं?

मराठीत "की" नंतर बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवता येतात. इंग्रजीत "ही सेड दॅट आय ॲम कमिंग" म्हटलं तर येणारी व्यक्ती तुम्ही ठरता! "दॅट" नंतर सर्वनाम सांगणाऱ्याच्या बाजूने बदलायचं आणि काळ सहसा एक पायरी मागे न्यायचा: "ही सेड दॅट ही वॉज कमिंग." गोष्ट अजूनही खरी असेल तर काळ तसाच ठेवला तरी चालतो: "शी सेड दॅट द ऑफिस इज इन वाशी."

"दॅट" च्या आधी स्वल्पविराम नको. से, थिंक, नो यांच्यानंतर "दॅट" गाळलेला चालतो. आणि "टेल" ला माणूस थेट लागतो: "ही टोल्ड मी", "टोल्ड टु मी" नाही. "से" ला माणूस जोडायचा तर मध्ये "टु" लागतो.

हू, व्हिच आणि दॅट: स्वल्पविराम कधी द्यायचा?

माहिती ओळख पटवण्यासाठी असेल तर स्वल्पविराम नाही, जादाची असेल तर दोन्ही बाजूंना. "माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नेरूळ इज अ टीचर" म्हणजे भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतला नेरूळचा. "माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नेरूळ, इज अ टीचर" म्हणजे भाऊ एकच, पत्ता सहज सांगितला. दोन स्वल्पविरामांनी कुटुंबातली माणसं बदलतात, म्हणून हा भाग घाईने सोडू नये.

जादाच्या माहितीचं दुसरं उदाहरण: "द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन इन इंडिया, व्हिच लेफ्ट बोरीबंदर ऑन १६ एप्रिल १८५३, केम टु ठाणे." मधला भाग काढला तरी गाडी कोणती ते कळतं, म्हणून स्वल्पविराम. उलट "द ट्रेन्स दॅट गो टु पनवेल आर क्राउडेड" यातला मधला भाग काढला तर सगळ्याच गाड्यांना गर्दी असते असा अर्थ होईल. म्हणून तिथे स्वल्पविराम नाही. जादाच्या माहितीसाठी "दॅट" वापरत नाहीत, तिथे "हू" किंवा "व्हिच" च.

इथेही मराठी जोडी डोकावते. "जी फाइल तू पाठवलीस ती मी पाहिली" यातली "ती" इंग्रजीत येऊन "द फाइल व्हिच यू सेंट इट" होतं. "इट" काढा: "आय सॉ द फाइल व्हिच यू सेंट." रोजच्या बोलण्यात "व्हिच" ही गळतो: "आय सॉ द फाइल यू सेंट." पण कर्त्याच्या जागी असलेला "हू" किंवा "व्हिच" गाळता येत नाही. "द मॅन कॉल्ड मी इज हिअर" चुकीचं, "द मॅन हू कॉल्ड मी इज हिअर" बरोबर.

हू, व्हिच किंवा दॅट ने सुरू होणारं गौण वाक्य ज्या नामाबद्दल आहे त्याला चिकटूनच ठेवा. "आय बॉट अ बॅग फ्रॉम अ शॉप दॅट हॅज टू झिप्स" यात झिप दुकानाला लागल्या. "फ्रॉम अ शॉप आय बॉट अ बॅग दॅट हॅज टू झिप्स" असं ओढूनताणून करण्यापेक्षा "अ बॅग विथ टू झिप्स" म्हणा.

"म्हणून" साठी "सो" की "सो दॅट"?

मराठीत क्रियापद सांगतं. "गाडी चुकली म्हणून रिक्षा घेतली" हा परिणाम: "आय मिस्ड द ट्रेन, सो आय टुक अ रिक्षा." "जागा मिळावी म्हणून लवकर आलो" हा हेतू: "आय केम अर्ली सो दॅट आय कुड गेट अ सीट." मराठीत "-ावी, -ावा" आलं की इंग्रजीत "सो दॅट", आणि त्यानंतर कॅन, कुड, विल किंवा वुड.

"इन केस" आणि "इफ" एकच ना?

नाही. "टेक ॲन अंब्रेला इन केस इट रेन्स" म्हणजे छत्री आत्ताच घ्या, पाऊस येवो न येवो. "टेक ॲन अंब्रेला इफ इट रेन्स" म्हणजे पाऊस आला तरच घ्या. जूनमध्ये घोडबंदर रोडवरून निघणाऱ्याला पहिलं वाक्य सांगायचं.

"इन स्पाइट ऑफ" नंतर वाक्य का जोडता येत नाही?

तो जोडशब्द नाही, त्याच्यानंतर नाम किंवा "-इंग" रूप लागतं: "इन स्पाइट ऑफ द रेन", "डिस्पाइट बीइंग इल". पूर्ण वाक्य हवं असेल तर "ऑलदो". "बिकॉज" आणि "बिकॉज ऑफ" यांतही नेमका हाच फरक.

"हाउएव्हर" ने दोन वाक्यं जोडता येतात का?

स्वल्पविराम देऊन येत नाहीत. "द लिफ्ट वॉज क्लोज्ड, हाउएव्हर वी वेंट अप" चुकीचं. हाउएव्हर, देअरफोर, अदरवाइज ही क्रियाविशेषणं आहेत. त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या, आणि "हाउएव्हर", "देअरफोर" यांच्यानंतर स्वल्पविराम द्या.

"बिकॉज" च्या आधी स्वल्पविराम द्यायचा का?

गौण वाक्य आधी आलं तर मध्ये स्वल्पविराम, नंतर आलं तर बहुधा नाही. प्रधान वाक्यात "नॉट" असेल तर मात्र जपून. "आय डिडन्ट गो बिकॉज शी कॉल्ड" याचे दोन अर्थ होतात: तिचा फोन आला म्हणून गेलो नाही, किंवा गेलो पण फोनमुळे नाही. पहिला अर्थ हवा असेल तर "बिकॉज शी कॉल्ड" वाक्याच्या सुरुवातीला न्या. वाक्य "बिकॉज" ने सुरू करायला कसलीही बंदी नाही, फक्त पुढे प्रधान वाक्य यायला हवं.

"वॉकिंग अलाँग तलावपाळी, द रेन स्टार्टेड" मध्ये कोण चालतंय?

इंग्रजी नियमाप्रमाणे पाऊस! मराठीत "तलावपाळीवरून चालताना पाऊस सुरू झाला" बिनचूक आहे. इंग्रजीत कर्ता नसलेलं "-इंग" रूप पुढच्या वाक्याचा कर्ता उचलतं. दोन्ही कर्ते वेगळे असतील तर पूर्ण गौण वाक्य लिहा: "व्हाइल आय वॉज वॉकिंग अलाँग तलावपाळी, द रेन स्टार्टेड."

हे सगळं एका मेलमध्ये कसं तपासायचं?

मेल पाठवण्याआधी प्रत्येक जोडशब्दावर थांबा आणि तीन गोष्टी पाहा: तो दोन्ही बाजूंना तर आला नाही ना, त्याच्यानंतर नको तिथे "विल" किंवा "नॉट" शिरला नाही ना, आणि आतल्या प्रश्नाचा क्रम सरळ आहे ना. एका वाक्यात दोनपेक्षा जास्त गौण वाक्यं झाली तर वाक्य तोडा. ठाणे–वाशी गाडीत बसून स्वतःचेच जुने मेल असे तपासता येतात. एक नमुना पाहा:

"ॲज आय ॲम हॅविंग फीव्हर सिन्स टू डेज, सो आय कॅनॉट कम टुडे. अनटिल द डॉक्टर डझन्ट अलाऊ, आय विल वर्क फ्रॉम होम. व्हेन आय विल गेट द रिपोर्ट, आय विल इन्फॉर्म यू. काइंडली लेट मी नो दॅट व्हेन शुड आय सेंड द फाइल."

पहिल्या वाक्यात जोडीचा "सो", शिवाय कालावधीसाठी "फॉर" हवा तिथे "सिन्स" (सिन्सला सुरुवातीचा क्षण लागतो, "सिन्स मंडे"). दुसऱ्यात जादाचा नकार, तिसऱ्यात नको तो "विल", चौथ्यात उपरा "दॅट" आणि उलटा क्रम. दुरुस्त मेल असा:

"ॲज आय हॅव हॅड फीव्हर फॉर टू डेज, आय कॅनॉट कम टुडे. आय विल वर्क फ्रॉम होम अनटिल द डॉक्टर अलाऊज मी टु ट्रॅव्हल. आय विल इन्फॉर्म यू ॲज सून ॲज आय गेट द रिपोर्ट. प्लीज लेट मी नो व्हेन आय शुड सेंड द फाइल."